माझ्या नावावरची दारू

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या, सकाळी उठल्यावर तोंडातून वाफ निघायला लागली, की आमच्या आंजीत कुणी ना कुणी मला हटकून विचारतंच, "काय भाऊ, सुटली ना पक्की?" मी म्हणतो, "सुटली." विचारणाऱ्याला बरं वाटतं. मलाही वाटतं. का वाटतं ते मात्र अजून नीट कळलेलं नाही, कारण जी सुटली म्हणून गावाला माझं कौतुक आहे, ती दारू मी आयुष्यात एकदाही चाखलेली नाही.

हिवाळा हा भाजीवाल्यांच्या घरचा सणाचा काळ आणि फजितीचाही. सगळं एकदमच निघतं. वांगी, फुलगोबी, मेथी, पालक, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याचे पाहुणे हा शब्द ऐकून इडली शोधतात. उन्हाळ्यात ज्या काडीला भाव, तिची थंडीत जुडीच्या जुडी फुकट द्यावी लागते. ओल्या पालेभाजीचा वास हाताला असा चिकटतो की दुपारी जेवताना भाकरीलाही तोच येतो. वर्ध्याच्या बाजारात मी आणि माय शेजारी शेजारी बसायचो. तिच्याकडे वांगी, माझ्याकडे पाला. बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. गिऱ्हाईक नसलं की ती माझ्या लग्नाचा विषय काढायची आणि मी भाजीवर पाणी शिंपडायला लागायचो. त्या वर्षीइतकी ताजी भाजी आम्ही नंतर कधी विकली नसेल.

ते वर्ष नव्या शतकाच्या सुरुवातीचं. ताप येत होता आणि जात होता. आठवतं ते असं तुकड्यातुकड्यांनी, आणि मागचं पुढं होऊन. आता मी रोज एक गोळी घेतो, ती सरकारातून फुकट मिळते, वजन नको तेवढं वाढलं आहे. तेव्हा असलं काही नव्हतं. तेव्हा त्या आजाराचं नाव निघालं की लोक पुढचं वाक्य भूतकाळात बोलायचे.

बसस्टँडच्या भिंतीवर एक चित्र होतं. एक ट्रक, एक बाई आणि खाली एड्सपासून सावध राहण्याचा सल्ला. आम्ही त्याच भिंतीच्या मागच्या बाजूला भेटायचो. आम्ही म्हणजे पुरुषांवर जीव जडलेले पुरुष. त्याला आमच्याकडे घरात बोलता येईल असा शब्द नव्हता. जे होते ते शिवीतले. एकमेकांत आम्ही फक्त 'आपल्यातला' म्हणायचो. तर ते भिंतीवरचं चित्र आपल्यातल्यांसाठी नाही, असं आम्हाला अगदी मनापासून वाटायचं. हा आजार बायांकडून येतो, आपण तर बायांच्या वाटेलाच जात नाही, म्हणजे आपण सुटलो. मी तर मनात थोडा मिरवायचोही. ज्या गोष्टीपायी जन्मभर चोरासारखं राहावं लागलं, तिचा एवढा तरी फायदा झाला म्हणायचं!

मग रक्ततपासणीत माझ्या तापाचं कारण निघालं, तोच आजार. दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाई भल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाहेर कुठल्या बाईकडे गेला होतात का?" मी म्हणालो, हो. कुठे, तर नागपूरला. त्यांनी मान हलवली आणि मला पाणी दिलं. असं का बोललो? खरं सांगण्यापेक्षा ते पाप सोपं वाटलं म्हणून. नागपूरच्या त्या नसलेल्या बाईचं मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटायचं. बिचारीवर उगाच आळ आला.

बाहेर बाकावर मनोहरभाऊ बसले होते. मनोहरभाऊ म्हणजे बियाण्याचे एजंट. फटफटीला पिशव्या लटकवून आर्वीपासून सेलूपर्यंत फिरायचे. बसस्टँडमागच्या भिंतीशीही एक-दोनदा दिसलेले. वयानं माझ्या मामाएवढे. पळायला जागा नव्हती, म्हणून मी शेजारी बसलो.

"गोबीचं बी उगवलं का?" त्यांनी विचारलं.

"उगवलं ना."

"इकडं कसा काय?"

"मावसभाऊ भरती हाय."

"होव का? माहाही मावसभाऊच भरती हाय." मग ते म्हणाले, "पोट्ट्या, सारे इथं मावसभाऊच पाहाले येते. मंग भरती कोण हाय?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. "माहं दोन वर्षं झाले," ते म्हणाले. "पाह्य, जेवतो, फिरतो, बी इकतो." त्या दिवशी जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं त्यापेक्षा मला ते 'बी इकतो' जास्त पटलं.

पुढच्या रविवारी त्यांची फटफटी आमच्या दारात. नंतरच्या रविवारीही. मी जेवतो का, दवाखान्यातल्या तापाच्या, ताकदीच्या गोळ्या घेतो का, विहिरीत वाकून तर पाहत नाही ना, एवढं बघायला ते येत. पण मायला काय कळणार! बियाण्याचे एजंट दारोदार फिरतात, कोणाच्या घरी कोण लग्नाचं आहे हे त्यांना पिकापेक्षा जास्त ठाऊक असतं. आमच्या भागातल्या कितीतरी सोयरिकी अशाच जुळलेल्या. हंगाम नसताना एजंट सारखा घरी येतो म्हणजे दुसरं काय असणार? माय त्यांच्या चहात जास्तीचं दूध घालायला लागली. एक दिवस तिनं विचारलंच, "भाऊ, आमच्या पोट्ट्याचं पाहून राह्यले ना?"

मनोहरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाहून राह्यलो, वहिनी." ते खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

आपल्यातले आणखी दोघं होते, हाच आजार असलेले. एक हिंगणघाटकडचे गुरुजी, दुसरा वर्ध्याच्या साडीच्या दुकानात काम करणारा बबलू. भेटायचं कुठं हा मोठा प्रश्न. चार पुरुष कुणाच्या घरात बसले की पत्ते तरी खेळायला हवेत. मनोहरभाऊंनी तोडगा काढला: केळझर, संकष्टीला. गणपतीच्या दर्शनाला जातो म्हटल्यावर कोण अडवतं? दर्शन घ्यायचं आणि टेकडीच्या उताराला एका झाडाखाली बसायचं. कुणाला जुलाब लागलेत, कुणाच्या जिभेवर पांढरं आलंय, कुणाला कुठल्या डॉक्टरनं हात न लावता तपासलं, सगळं तिथं निघायचं. ज्याची दवाखान्याची पाळी असेल त्याच्यासोबत जायला तिथंच एक मावसभाऊ ठरायचा.

यात एक गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती. संकष्टीला जाणारा माणूस उपास करतो. त्यामुळे माय आदल्या दिवसापासूनच माझ्यासाठी साबुदाणा भिजवायला लागली, आणि गोळ्या तर उपाशीपोटी घ्यायच्या नव्हत्या. मग झाडाखाली मनोहरभाऊ डबा उघडत. त्यांच्या बायकोच्या हातचा झुणका, भाकर, वर मिरचीचा ठेचा. मंदिराकडे पाठ करून आम्ही चौघं चोरासारखे जेवायचो. बबलू दर घासाला वर पाहून कान पकडायचा. गुरुजी म्हणत, "अरे, लेकरानं जेवलेलं कोणत्या देवाले वाईट वाटते?" घरी पोचलो की माय चंद्रोदयाची वाट बघत थांबलेली असायची आणि मला पोटभर जेवल्यावर पुन्हा जेवावं लागायचं. पोरगा लग्नासाठी एवढा कडक उपास करतो म्हणून तिचे डोळे भरून यायचे. काय करावं माणसानं?

झुणका करणाऱ्या त्या वहिनींनाही हाच आजार होता. मनोहरभाऊंनी एकदाच सांगितलं, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून. "माह्यापासून झाला तिले. लगन झालं तवा मले काय ठाऊक होतं, काय नाई. तिनं आजून इचारलं नाई, कुठून आणला म्हणून. इचारलं असतं तं बरं झालं असतं." त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. फुकटच्या गोळ्या नागपूरला मिळायला लागण्याआधीच मनोहरभाऊ गेले. वहिनी आहेत. दिवाळीला मी त्यांना भाजी नेऊन देतो, मी निघताना त्या मला डबा देतात, आणि तेव्हाही त्या विचारत नाहीत.

आणि मग वंदनाचं स्थळ आलं. तेही मनोहरभाऊंमुळेच, म्हणजे बघा. सेलूकडच्या एका गावात तिच्या वडलांचं किराणा दुकान. त्यांनी हिशेब केला, मनोहरभाऊंसारखा माणूस ज्या घरी सारखा जातो, त्या घरात खोट नसणार. त्यांनी आपण होऊन निरोप धाडला. मायनं त्याच दिवशी घर सारवलं.

मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला. मोठ्यांनी रीतीप्रमाणे आम्हाला मागच्या अंगणात सोडलं. तिथं तीळ वाळत घातले होते. वंदना माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले शिवणाचा क्लास घ्याचा हाय, पोट्टींसाठी. तुमच्या घरी चालंन का?"

"चालंन," मी म्हणालो.

"मशीन मी आणीन."

"बरं."

"तुमाले काही इचाराचं हाय?"

मी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "तीळ घरचे का?" ती खुदकन हसली. खरं सांगतो, मला ती आवडली. ज्या अर्थानं मायला हवं होतं त्या अर्थानं नाही, पण आवडली. मशीनची खडखड, अंगणात पोरी, मायला सोबत. परतीच्या वाटेवर मला क्षणभर वाटूनही गेलं, काय हरकत आहे? लोक करतातच ना? लगेच वहिनींचा झुणका आठवला. स्वतःच्याच मनाचा असा भरवसा वाटेनासा झाला की मी केळझरच्या संकष्टीची वाट बघायला लागलो.

झाडाखाली पंचायत बसली. मी म्हणालो, मी सरळ नाही म्हणतो. गुरुजींनी मान हलवली. "पाहून आल्यावर पोराकडून नकार गेला, का बोल पोट्टीवर येते. हिच्यात काय कमी होतं म्हणून चार गावं इचारते. नकार तिच्याकडून आला पाह्यजे." म्हणजे खोड माझ्यात हवी. आणि मग माझ्यासाठी एखादी बरीशी खोड निवडण्याचं काम सुरू झालं. साडीच्या दुकानात बायका बसतात तसं. ही दाखवा, ती नको.

बबलूनं त्याच्या गावात स्वतःला फिट येतात असं पसरवलं होतं. "पन मंग सायकल सोडा लागते," तो म्हणाला. "विहिरीपाशी जाऊ देत नाई कोणी." मला विहिरीशिवाय कसं चालेल? गुरुजींनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतल्याचं सांगून निभावलं होतं, पण ते गुरुजी होते. भाजीवाल्याचं ब्रह्मचर्य कोण ऐकून घेणार? बाई ठेवली आहे म्हणावं तर ती दाखवावी लागेल. नागपूरच्या बाईला मी पुन्हा त्रास देणार नव्हतो.

"दारू," मनोहरभाऊ म्हणाले. सगळ्यांना एकदम पटलं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथं दुकान नाही, म्हणून प्यायला लागतो तो चोरूनच पितो, आणि चोरून पिणाऱ्याला कुणी पाहिलं नाही तर त्यात नवल ते काय? पुरावा लागतच नाही. बबलूनं मला उतारावर झोकांड्या देत चालून दाखवलं. मी चालून बघितलं तर गुरुजी म्हणाले, हा तर पायात काटा मोडल्यासारखा चालतो. त्या थंडीत आम्ही एवढे हसलो की दर्शनाला आलेले लोक वळून पाहायला लागले. आजही मला कळत नाही, ते हसणं कसलं होतं. चौघांपैकी कुणाला पुढची तिळसंक्रांत दिसेल याचा नेम नव्हता, आणि आम्ही झोकांडीवरून भांडत होतो.

मनोहरभाऊ वंदनाच्या वडलांकडे जाऊन, मान खाली घालून सांगून आले: पोरगा चांगला आहे, पण घेतो. आता ते नाही म्हणणार, म्हणून आम्ही निश्चिंत.

इथंच आमचं चुकलं. आम्ही चौघांनी सगळं बघितलं, पण एक विसरलो. बाप्याच्या दारूला आपल्याकडे माफी आहे. वंदनाचे वडील म्हणाले म्हणे, "कोण नाई पेत, मनोहरभाऊ? माहा मोठा जावई पेत होता. गणपतीपुढं शपथ घेतली, सुटली. या पोट्ट्यानं शपथ घेतली, का मी फाल्गुनात लगन लावून देतो." आणि वर हेही म्हणाले, की दोष लपवला नाही म्हणजे घराणं सच्चं आहे. स्थळ होतं त्यापेक्षा पक्कं झालं.

मायला हे मनोहरभाऊंनीच सांगितलं. तिनं माझ्याशी भांडण केलं नाही. वांग्याची पाटी उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिळी चतुर्थीले जाऊ. सोडजो." त्या चतुर्थीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते धड आठवत नाही. आठवतो तो फक्त गोबीचा वास, सगळीकडे. शपथ घ्यायला काय लागत होतं? जी गोष्ट मी करत नव्हतो ती न करण्याची शपथ. पृथ्वीवर याहून सोपी शपथ नसेल. आणि ती घेतली की वंदना शिवणयंत्र घेऊन आमच्या घरी येणार होती.

तिळी चतुर्थीला, म्हणजे पौषातल्या संकष्टीला, केळझरला गर्दी असते. बायकांच्या हातात तिळाचे लाडू, जास्वंद, दूर्वा. मी, माय आणि वंदनाचे वडील रांगेतून आत गेलो. मनोहरभाऊ मागं खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, बघू शकलो नाही. मायनं नारळ माझ्या हातात दिला. "म्हन," ती म्हणाली, "आजपासून दारूले हात लावनार नाई."

मी गणपतीकडे बघितलं. त्याचाही गोंधळ झाला असावा. सगळं खोटं एका बाजूला आणि खरी शपथ दुसऱ्या बाजूला, आणि वंदनाला वाचवायचं तर धरायचं होतं ते खोटंच.

"नाई सोडनार," मी म्हणालो.

"काय?"

"नाई सोडनार, माय. नाई जमत."

मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या. वंदनाचे वडील माझ्याकडे वळले. "देवापुढं खोटी शपथ घेतली नाई, हे बरं केलं," ते म्हणाले. "पन पोट्टी देता येनार नाई." त्यांनी मायला हात जोडले आणि पायऱ्या उतरून गेले.

माय खालच्या पायरीवर बसली. मी तिच्याजवळ बसलो. मला वाटलं आता ती रडेल, शिव्या देईल, दोन्हीसाठी मी तयार होतो.

"भाऊनं सांगतलं त्या दिवसापासून," ती म्हणाली, "तुह्ये कपडे धुवाच्या आधी मी वास घेतो. घामाचा येते. सांभाराचा येते. दारूचा एकदाबी नाई आला." तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मंग शपथ घ्याले काऊन भ्याला तू?"

मी दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या, त्याही मागच्या पुढे करून. आजार सांगितला आणि मला पुरुषच आवडतात तेही सांगितलं, जसे सुचतील तशा ओबडधोबड शब्दांत. तिला किती कळलं, काय कळलं, मला माहीत नाही. तिनं हातातला तिळाचा लाडू पदराच्या गाठीत बांधला.

"यातलं दवाईनं बरं काय होते?" तिनं विचारलं.

"सद्या तं कायच नाई, माय."

"अन् त्या पोट्टीले यातलं काही ठाऊक होतं?"

"नाई. म्हनून तं दारू सांगतली."

ती उठली. एसटीत खिडकीबाहेरच्या तुरी बघत बसली. मला वाटलं, संपलं, आता घरी गेल्यावर माझं ताट वेगळं निघेल. आंजीच्या थांब्यावर उतरलो तर शेजारची गंगूबाई समोरच उभी. तिनं विचारलं, "काय वं, घेतली का शपथ पोट्ट्यानं?"

"कायची शपथ!" माय एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पानठेल्यावरची माणसंही वळली. "लय पेते बाई माहा लेक. देवाचंबी आयकत नाई. सांगून ठेवतो, कोणी पोट्टी देऊ नका याले."

असं म्हणताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता, आणि घर येईपर्यंत तो सोडला नाही.